कोल्हापुरात घराचं फिनिशिंग: कडप्पा-ट्रॉली, सुतार की मॉड्युलर? फरशी कोणती? खिडक्या कशाच्या?

स्लॅब पडला, वीटकाम झालं, वायरिंगचे पाइप भिंतीत गेले, की घरात सल्ला देणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. मेहुणे म्हणतात मॉड्युलर घ्या, गवंडी म्हणतो कडप्पा टाका, दुकानदार तिसरंच दाखवतो. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या घरापुरतं खरं असतं. मी मात्र आपल्या गावातल्या घरासाठी दोन कसोट्या धरतो. जून ते सप्टेंबर ही वस्तू कशी राहील? आणि दहा वर्षांनी बिघडली तर इथलाच कारागीर ती हातात घेईल का? शोरूममध्ये एसी चालू असतो, तिथे सगळंच छान दिसतं. आपल्याकडे आषाढात आतल्या खोलीतले कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात. त्या हवेत टिकेल तेच घ्यायचं, एवढं धरून चाललं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

ओट्याखाली काय?

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो आणि सगळ्यात जास्त पस्तावाही इथेच होतो, म्हणून सुरुवात इथून.

आपल्याकडची रुळलेली पद्धत म्हणजे वर ग्रॅनाइटचा ओटा, खाली कडप्प्याची, म्हणजे काळ्या फरशीच्या दगडाची, उभी पार्टिशनं, त्यात स्टीलच्या ट्रॉल्या आणि समोर लॅमिनेटचे फ्रंट. दुसरा मार्ग म्हणजे सुतार घरी बसवून प्लायमध्ये काम करून घेणं. तिसरा, कारखान्यात यंत्रावर कापून आणलेले मॉड्युलर बॉक्स.

कडप्प्याला आता लोक जुनी पद्धत म्हणतात. माझ्या मते सिंकखाली तिला अजून तोड नाही. सिंकचा पाइप आज ना उद्या ठिबकणारच. दगडाला त्याचं काही होत नाही, वाळवीला खायला काही मिळत नाही, आणि ट्रॉली बाहेर काढून आतली जागा चक्क पाण्याने धुता येते. उणीव दोन. एक, पार्टिशन एकदा बसलं की मांडणी बदलता येत नाही, आणि दगडाच्या जाडीत थोडी रुंदी जातेच. दुसरी जास्त त्रासाची: पार्टिशन ओळंब्यात नसेल तर ट्रॉलीचं चॅनेल (ती ज्यावर सरकते ती पट्टी) अडकतं. म्हणून ट्रॉलीची ऑर्डर देण्याआधी प्रत्येक कप्प्याची रुंदी तीन ठिकाणी मोजा: पुढे, मागे आणि खाली. तिन्ही मापं जुळली पाहिजेत. तीन-चार मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर गवंड्याला तेव्हाच बोलवा. ट्रॉल्या आल्यावर तो म्हणेल माप चुकीचं घेतलं, ट्रॉलीवाला म्हणेल दगड वाकडा, आणि दोघांच्या मध्ये तुम्ही उभे.

ट्रॉलीच्या स्टीलबद्दल एक गैरसमज फार पसरलाय: चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील चांगलं. ३०४ ग्रेडला चुंबक सहसा चिकटत नाही हे खरं, पण स्वस्त २०२ ग्रेडलाही तो चिकटत नाही. मीठ, चिंच, कोकम आणि सततची ओल यांत २०२ वर तांबूस ठिपके लवकर येतात. चुंबकाने हा फरक कळत नाही, म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्या. सगळ्या ट्रॉल्या ३०४ मध्ये परवडत नसतील तर निदान सिंकजवळच्या आणि ताट-वाट्यांच्या तरी घ्या, कारण ओली भांडी तिथेच जातात.

सुताराच्या कामाचा मोठा गुण म्हणजे ते तुमच्या भिंतीप्रमाणे होतं. बांधलेल्या घरात कोपरा अगदी काटकोनात मिळणं दुर्मीळ. सुतार फळी तासून ती फट मिटवतो, मॉड्युलरवाला तिथे पट्टी लावतो. शिवाय पाच वर्षांनी फ्रिज मोठा घेतला तर कपाट कापून द्यायला तोच सुतार येतो. प्लाय घेताना प्रत्येक शीटवरचा आयएसआय शिक्का आणि क्रमांक स्वतः वाचा. आयएस ३०३ मध्ये साधा ओलसर हवा सोसणारा आणि उकळतं पाणी काही प्रमाणात सोसणारा, असे दोन्ही प्रकार येतात. आयएस ७१० म्हणजे मरीन. स्वयंपाकघरात आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर ७१०, बाकी घरात ३०३ मधला वरचा प्रकार, एवढं पुरे. सगळ्या घराला मरीन लावा हा आग्रह मला पटत नाही. तेच पैसे बिजागऱ्या आणि चॅनेलमध्ये घाला.

पण प्लाय चांगला घेऊनही काम बिघडतं ते कडांमुळे. पाणी पृष्ठभागातून सहसा शिरत नाही, ते कापलेल्या कडेतून शिरतं. सुतार समोरची कड छान पट्टी लावून झाकतो. जमिनीलगतची, मागची आणि पाइपसाठी पाडलेल्या भोकाची कड मात्र उघडी ठेवतो. काम चालू असताना खाली वाकून त्या कडांवरून बोट फिरवा. खरखरीत लागली तर तिथे सीलर किंवा लॅमिनेट लावायला सांगा. आतल्या बाजूला ०.८ मिमीचं लायनर लॅमिनेटही आधीच ठरवून घ्या, नाहीतर आत नुसता रंग मारून वेळ मारून नेली जाते आणि पहिल्याच श्रावणात कपाट उघडलं की कुबट वास येतो.

मॉड्युलरमध्ये नेमक्या ह्या कडा सगळ्यात सुबक असतात. यंत्रावर गरम गोंदाने पट्टी बसते, मापं अचूक असतात, घरात भुसा उडत नाही आणि बसवायला थोडेच दिवस लागतात. प्रश्न आतल्या बोर्डाचा आहे. स्वस्त कोटेशनमध्ये बऱ्याचदा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेला बोर्ड असतो. तो एकदा भिजला की फुगतो आणि पुन्हा मूळ जाडीवर येत नाही, स्क्रूही धरत नाही. एमडीएफचंही (लाकडाच्या बारीक तंतूंचा बोर्ड) थोड्याफार फरकाने तेच. एचडीएचएमआर हा जास्त दाट, ओल सोसणारा बोर्ड दमट हवेत त्यांच्यापेक्षा खूप चांगला टिकतो, पण तोही पाण्यात उभा राहण्यासाठी केलेला नाही. कोटेशनवर ‘इंजिनिअर्ड वूड’ एवढंच लिहिलं असेल तर सही करू नका; बॉक्सचा बोर्ड कोणता, फ्रंटचा कोणता, पाठीमागचा कोणता, तिन्ही वेगवेगळे लिहून मागा. वॉरंटीत पाण्याने झालेलं नुकसान धरलंय का, तेही तिथेच वाचा.

आणखी एक, भावाची तुलना करताना फसगत होते. सुतार बहुधा समोरून दिसणाऱ्या चौरस फुटावर दर लावतो, मॉड्युलरवाला बॉक्सवर, आणि ट्रॉलीवाला नगावर. तिघांना एकच रेखाचित्र द्या आणि बिजागरी, हँडल, बसवणूक धरून एकूण रक्कम मागा. मगच शेजारी-शेजारी ठेवून बघता येतं.

माझा कौल मिश्र आहे: ओट्याखाली कडप्पा आणि ट्रॉल्या, ओट्यावरची भिंतीतली कपाटं आणि बेडरूमची वॉर्डरोब मॉड्युलर, देवघर आणि वाकड्यातिकड्या कोपऱ्यातलं काम सुताराकडे. वॉर्डरोब शक्यतो पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. झोडपणारा पाऊस त्याच बाजूने येतो आणि कपाटाच्या पाठीवर बुरशी धरते. दुसरी जागाच नसेल तर मागे इंचभर फट राखा.

पुराच्या पट्ट्यात घर असेल तर

शाहूपुरी, नागाळा पार्कचा सखल भाग, जयंती नाल्याच्या कडेची वस्ती इथे तळमजला असलेल्यांना वरचं सगळं वेगळ्या क्रमाने वाचावं लागतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. अशा घरात तळमजल्यावर मॉड्युलर घेऊच नका, कितीही सवलत मिळो. कडप्पा, स्टील, ग्रॅनाइटच्या चौकटी, साधा सिमेंटचा गिलावा. सॉकेट उंचावर घ्या आणि तळमजल्याचं सर्किट वरच्या मजल्यापासून वेगळं ठेवा. लाकडाची आणि बोर्डाची हौस वरच्या मजल्यावर भागवा. पाणी ओसरल्यावर गाळ धुऊन काढता येईल असं घर आणि महिनाभर फुगलेला बोर्ड बाहेर फेकत बसावं लागेल असं घर, इथे निवड सरळ आहे.

ओट्याचा दगड

थोडक्यात सांगतो. ग्रॅनाइट. क्वार्ट्झचा रंग एकसारखा येतो, पांढरा ओटा त्यातच देखणा दिसतो, पण त्यात रेझिन असतं. रटरटणाऱ्या रश्श्याचं पातेलं चुलीवरून थेट त्यावर टेकवलं तर डाग पडू शकतो, आणि आपल्या घरात पातेलं टेकवताना खाली चकती ठेवायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. संगमरवर ओट्याला नकोच. लिंबू-टोमॅटोने त्याची चकाकी जाते आणि हळद मुरते. ओट्याच्या पुढच्या कडेखाली पाणी कापणारी खाच मारायला मात्र सांगा, म्हणजे ओघळ खालच्या फ्रंटवर जात नाही.

फरशी: कोटा की व्हिट्रिफाइड?

नव्या घरात हल्ली दहातल्या नऊ जणांच्या मनात व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत काचेसारखी घट्ट भाजलेली टाइलच असते आणि त्यात वावगं काही नाही. ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, डाग धरत नाही, रंग हवा तो मिळतो. घेताना एवढं बघा: ग्लेझ्ड फरशीत नक्षी वरच्या पातळ थरात असते, तर डबल चार्ज फरशीत रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो. हॉल आणि जिन्यासमोर, जिथे रहदारी जास्त, तिथे डबल चार्ज. बेडरूममध्ये ग्लेझ्ड चालेल.

हिचा खरा दोष तिच्या गुणातच आहे. ती पाणी शोषत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या घोळावर नीट चिकटतही नाही. भिंतीवर मोठी व्हिट्रिफाइड लावत असाल तर टाइल अ‍ॅडहेसिव्हला पर्याय नाही. बसवल्यावर दुसऱ्या दिवशी प्रत्येक फरशीवर नाण्याने ठोकून पाहा, चारही कोपऱ्यांत आणि मध्ये. टणक आवाज आला तर बरं. पोकळ वाजली तर खडूने फुली मारा आणि तेव्हाच उचलायला लावा. ‘चालतंय की साहेब, पॉलिश झालं की बसतंय’ असं गवंडी म्हणेल. पोकळ फरशी नंतर बसत नाही. एक दिवस कपाट सरकवताना फुटते आणि तोवर त्या रंगाची पेटी बाजारात उरलेली नसते. (म्हणून दोन पेट्या जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवाव्यात.)

कोटा राजस्थानचा, चुनखडीचा दगड. तुळतुळीत व्हिट्रिफाइडसारखा पायाखाली सटकत नाही. जुन्या वाड्यांतल्या शहाबादीवर वाढलेल्या माणसाला तो लगेच आपला वाटतो. पावसाळ्यात दमट हवेने गुळगुळीत टाइलवर ओल सुटते, तेव्हा घरात म्हातारं माणूस असेल तर हा फरक फार मोलाचा. शिवाय वीस वर्षांनी पुन्हा घासून नवा करता येतो. पण लिंबू, व्हिनेगर आणि बाथरूमचं अ‍ॅसिड यांनी त्यावर चट्टे पडतात, आणि घरातच मशीनने घासताना राडा होतो. हे घासकाम रंग आणि फर्निचरच्या आधी उरकलं पाहिजे. ज्यांना वास्तुशांतीची घाई आहे त्यांना हे जमत नाही.

मला विचाराल तर व्हरांडा, जिना, मागचं अंगण आणि आई-वडिलांची खोली कोट्याची, बाकी घर मॅट व्हिट्रिफाइडचं. चकचकीत फरशी हॉलमध्येच शोभते.

भिंती: जिप्सम की सिमेंट?

जिप्सम प्लास्टर वीट-ब्लॉकवर थेट बसतं, त्याला पाणी मारावं लागत नाही, आणि भिंत इतकी सपाट येते की पुट्टीचं काम बरंच वाचतं. सिमेंटच्या गिलाव्याला निदान आठवडाभर पाणी मारायचं, मग महिनाभर वाळू द्यायचं, मग पुट्टी. मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा असेल आणि काम फेब्रुवारीत रखडलं असेल तर जिप्समचा मोह पडणं साहजिक आहे.

आतल्या कोरड्या भिंतींना जिप्सम जरूर घ्या. बाथरूमच्या दोन्ही अंगांच्या भिंती, सिंकची भिंत आणि पश्चिमेची बाहेरची भिंत मात्र सिमेंटमध्येच. जिप्समला ओल सहन होत नाही. एकदा भिजलं की मऊ पडतं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. तसंच सिमेंटच्या ओल्या गिलाव्यावर घाईने रंग मारला तर लोणा (भिंतीतला पांढरा क्षार) फुटतो, मग रंगाच्या कंपनीला दोष देऊन उपयोग नाही. मुहूर्त जवळ असेल तर नुसता प्रायमर मारून पूजा करून घ्या. रंग दिवाळीच्या आधी द्या, भिंत तोवर पाऊस बघून झालेली असते.

खिडक्या आणि दारं

सागवानी खिडकी देखणी, पण पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दर दोन-तीन वर्षांनी पॉलिश मागते. मुख्य दाराला सागवान घ्या, तिथे तो मान आहे. खिडक्यांसाठी लढत अ‍ॅल्युमिनियम आणि यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) यांच्यात. अ‍ॅल्युमिनियम ताठ, पातळ, आणि लक्ष्मीपुरी-उद्यमनगरकडे त्याचा रोलर-लॉक बदलून देणारा सहज मिळतो. यूपीव्हीसी आवाज आणि उष्णता कमी आत घेते, पण मोठ्या खिडकीच्या चौकटीत आत लोखंडी रीइन्फोर्समेंट नसेल तर ती वाकते. पश्चिमेला आणि रस्त्याच्या बाजूला यूपीव्हीसी, मागे अ‍ॅल्युमिनियम, असं विभागलं तर खर्चही आटोक्यात राहतो. दोन्हींत पाणी बाहेर जायची छिद्रं चौकटीच्या तळाशी आहेत ना, आणि खिडकीखालच्या ग्रॅनाइटला बाहेरच्या बाजूला उतार आहे ना, हे पाहा. तांब्याभर पाणी ओतलं की लगेच कळतं.

बाथरूमला ग्रॅनाइटची चौकट आणि डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाचं) दार. यावर जास्त विचार करू नका.

फॉल्स सीलिंग हॉलमध्ये हौसेने करा, पण गच्चीचं वॉटरप्रूफिंग एका पावसातून पार पडल्याशिवाय नको. गळती झाकली गेली की कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

खिडकीवाला, सुतार आणि गच्चीचं काम करणारा, तिघांशी दर ठरवतानाच थोडी रक्कम पहिल्या पावसाळ्यानंतर देण्याचं बोलून कागदावर घ्या. काम सुरू झाल्यावर हे मागायला अवघड जातं, आधी मागितलं तर बहुतेक जण कबूल होतात.