दगडी कमानी की दगडी पूल? युटाला निघालेल्या आई-बाबांसाठी

लेक किंवा मुलगा अमेरिकेत, आणि त्यांच्याकडे गेलेले आई-बाबा. आमच्या टिळकवाडीत अशी घरं गल्लीगणिक आहेत. युटासाठी दोनच दिवस मिळाले की प्रश्न ठरलेला: निसर्गाने घडवलेल्या दगडी कमानींचं आर्चेस नॅशनल पार्क बघायचं की तशाच दगडी पुलांचं नॅचरल ब्रिजेस? आईला घेऊन मी दोन्हीकडे जाऊन आलोय, म्हणून सांगतो.

कमान पावसाने, बर्फाने दगड झिजून होते. पूल मात्र वाहत्या पाण्याने कातळाची भिंत पोखरून केलेला. पावसाळ्यात गोकाकला घटप्रभेचं तांबडं पाणी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. नॅचरल ब्रिजेसचा सिपापू पूल 220 फूट उंच आहे, गोकाकच्या धबधब्याहून पन्नासेक फूट जास्त! पण त्याच्या खाली जायचं तर 500 फुटांची उतरण आणि मधे लाकडी शिड्या. गुडघे दुखत असतील तर वरूनच बघा आणि ओवाचोमो या दुसऱ्या पुलाकडे चला. जाऊन-येऊन जेमतेम 650 मीटर, चढ आहे पण बसत-बसत जमतो. हा पूल फक्त 9 फूट जाड. आई त्याच्याखाली मान वर करून कितीतरी वेळ उभी होती. मग म्हणाली, "एवढं पाण्यानं केलंय व्हय?" खाली तेव्हा थेंबभरही पाणी नव्हतं.

आर्चेसमध्ये 2000 हून जास्त कमानी आहेत. विंडोज आणि डबल आर्च या कमानी गाडीतळापासून जवळ, वाट सोपी. प्रसिद्ध डेलिकेट आर्च मात्र जाऊन-येऊन 5 किलोमीटर, सगळी उन्हात. मोआब गाव 8 किलोमीटरवर, त्यामुळे राहायची-जेवायची चिंता नाही. गर्दी मात्र भरपूर.

बाबांना चालणं अजिबात झेपत नसेल, किंवा सोबत लहान मुलं असतील, तर आर्चेसच करा. बाकी सगळ्यांना मी नॅचरल ब्रिजेस सांगेन, आणि रात्र तिथे काढा म्हणेन. 2007 मध्ये जगातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं काळोखं आभाळ जपणारं उद्यान, म्हणून मान मिळाला तो यालाच. लहानपणी खानापूरच्या अंगणात बाजेवरून दिसायचं तसं आभाळ मला तिथे परत दिसलं.

फक्त पेट्रोल आणि जेवण ब्लँडिंग गावातूनच घ्या, ते 65 किलोमीटर मागे राहतं. पाणी व्हिजिटर सेंटरवर भरून घ्या. आणि वाटेच्या कडेची काळी, खरखरीत माती तुडवू नका. ती जिवंत असते, एका पावलाने मोडली की भरून यायला वर्षानुवर्षं जातात.