क्लियर लेकचं सर्फ बॉलरूम आणि मक्यातली ती जागा

माझी सगळी नोकरी ओझरला मिगच्या कॉकपिटमधली इन्स्ट्रुमेंटं तपासण्यात गेली, गाण्यातलं मला कळत नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या दे मॉइनला लेकीकडे आलो होतो. जावई जुना रॉक अँड रोल गायक बडी हॉलीचे भक्त, म्हणून सप्टेंबरात एका रविवारी क्लियर लेक गाठलं.

सर्फ बॉलरूम म्हणजे नाचगाण्याचं सभागृह, १९४८ सालचं, अजून चालू. लाकडी फ्लोअर, भिंतीवर ताडामाडाची चित्रं, छतावर ढग. बाहेर आयोवा आणि आत समुद्रकिनारा! हिला फार आवडलं. २ फेब्रुवारी १९५९ ला इथलाच कार्यक्रम आटपून हॉली आणि त्याच्यासोबतचे गायक रिची व्हॅलेन्स आणि जे. पी. रिचर्डसन निघाले. दौऱ्याच्या बसचा हीटर बंद, ड्रमर पाय गारठून दवाखान्यात. म्हणून माणशी ३६ डॉलर मोजून छोटं बोनान्झा विमान ठरवलं. मेसन सिटीहून रात्री एकच्या सुमारास उडालं आणि दहा किलोमीटरच्या आत शेतात आदळलं. तिघंही गेले, पायलटही. व्हॅलेन्स १७ वर्षांचा. सीट मिळाली ती नाणेफेक जिंकून.

बॉलरूम ठीक, पण मुद्दाम जावं ते त्या शेतात. रस्त्याच्या कडेला हॉलीच्या चष्म्याची भली थोरली काळी फ्रेम उभी आहे. तिथून तारेच्या कुंपणाला धरून चालायचं, साधारण अर्धा मैल. मी चपला घालून गेलो, मूर्खपणा! पुढे स्टीलची गिटार, तीन रेकॉर्ड, पायाशी लोकांनी ठेवलेले चष्मे आणि नाणी.

पायलटचं स्मारक वेगळं, तेही पन्नास वर्षांनी, २००९ ला बसवलेलं. मी रेंगाळलो ते तिथंच. रॉजर पीटरसन, वय २१. नुसत्या इन्स्ट्रुमेंटवर उडण्याची पात्रता त्याच्याकडे नव्हती आणि खराब हवेचे इशारे कुणी त्याला दिले नव्हते. त्यात विमानात स्पेरी कंपनीचा जायरो, म्हणजे विमानाचा कल दाखवणारी तबकडी. नाक वर की खाली, हे तो त्याच कामाच्या नेहमीच्या तबकडीच्या, हॉरायझनच्या, बरोब्बर उलट दाखवतो. मिगचा रशियन हॉरायझनही आपल्या सवयीपेक्षा वेगळाच, पण तो आम्ही दिवसाउजेडी, बाकावर ठेवून शिकलो. या पोराच्या पुढ्यात काळोख आणि बर्फ.

जावयांना तळहात आडवा धरून दाखवलं. "म्हणजे चढतोय असं वाटताना..." म्हणाले आणि थांबले.

बूट घालून जा. मका उभा असेल तर गिटार जवळ जाईपर्यंत दिसत नाही, कुंपण सोडू नका.