लायन्स की टायगर्स: डेट्रॉइटला नवीन असाल तर जीव कोणावर लावायचा?

डेट्रॉइटला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या हिवाळ्यात हा प्रश्न पडतोच. ऑफिसात सोमवारी सगळे लायन्सवर, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमवर, बोलत असतात, पोरं शाळेतून येऊन निळी जर्सी मागतात, आणि एप्रिल उजाडला की तीच माणसं टायगर्सची, म्हणजे बेसबॉलच्या टीमची, टोपी घालून फिरायला लागतात. दोन्ही टीम्स धरायला कोणाची ना नाहीये, पण खिसा एकच आणि वीकेंडही तेवढेच, म्हणून नोव्हाय, ट्रॉय, कँटनमध्ये आपली माणसं जमली की वाद ठरलेला: पुढची पाच वर्षं कोणाची? माझं मत आधीच सांगून टाकतो. येत्या एक-दोन सीझनमध्ये काहीतरी मोठं जिंकायचा चान्स लायन्सचा जास्त आहे, पण त्याच्या पुढचं बघत असाल तर टायगर्स.

आधी लायन्स. शेवटची चॅम्पियनशिप १९५७ ची, तेव्हा सुपर बोल, म्हणजे फुटबॉल लीगची (एनएफएलची) फायनल, सुरूही झाला नव्हता, आणि सुरू झाल्यापासून हे एकदाही तिथे पोचलेले नाहीत. २००८ मध्ये तर १६ पैकी १६ मॅचेस हरले होते, त्यामुळे इथल्या पन्नाशीच्या माणसाला लायन्सबद्दल विचारलं की तो आधी उसासा टाकतो मग बोलतो. २०२१ ला डॅन कॅम्पबेल कोच आणि ब्रॅड होम्स जनरल मॅनेजर म्हणून आले, क्वार्टरबॅक (अटॅकचा मुख्य खेळाडू) मॅथ्यू स्टॅफर्डला रॅम्सकडे पाठवून त्याच जागेचा जॅरेड गॉफ आणि ड्राफ्ट पिक्स (नवीन पोरं निवडायचे हक्क) घेतले, पहिल्या वर्षी जेमतेम ३ मॅचेस जिंकल्या, लोक हसले, आणि २०२३ ला ह्याच लोकांनी १२-५ (१२ जिंकून ५ हरून) करून डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आपला गट, जिंकली, ३२ वर्षांनी प्लेऑफची (सीझननंतरच्या बाद फेरीची) मॅच जिंकली, पार कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे सुपर बोलच्या आधीच्या मॅचला, गेले आणि तिथे सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध हाफटाइमला २४-७ पुढे असताना ३४-३१ ने घालवली. २०२४ ला १५-२! मग घरच्या फोर्ड फील्डवर वॉशिंग्टनकडून ४५-३१ मार. २०२५ ला ९-८, प्लेऑफच नाही.

आता वाद इथे सुरू होतो. एक गट म्हणतो दुखापती झाल्या, फ्रँक रॅगनाउसारखा सेंटर रिटायर झाला, एक वर्ष वाईट जाणारच. दुसरा गट म्हणतो बेन जॉन्सन गेला तिथेच सगळं संपलं. हा जॉन्सन लायन्सचा अटॅक चालवायचा, तो शिकागोचा हेड कोच झाला आणि पहिल्याच वर्षी शिकागोने आपली डिव्हिजन उचलली. कॅम्पबेलला मध्येच अटॅकच्या नव्या कोऑर्डिनेटरच्या हातातून प्ले कॉलिंग (कोणता डाव खेळायचा ते ठरवणं) काढून स्वतःकडे घ्यावं लागलं, ह्यातच काय ते समजा. मला दोन्ही गटांचं अर्धं-अर्धं पटतं, पण खरा मुद्दा दोघंही सोडतात. तो म्हणजे पैशाचा.

एनएफएलमध्ये पगाराला कडक मर्यादा असते, २०२५ ला ती प्रत्येक टीमला साधारण २८ कोटी डॉलर होती. मालक कितीही श्रीमंत असला, आणि लायन्सचे मालक तर फोर्ड घराणं, तरी त्याच्यावर जाता येत नाही. ड्राफ्टमधून आलेला पोरगा चार वर्षं स्वस्तात खेळतो आणि मग बिल येतं. गॉफला चार वर्षांचे २१ कोटी २० लाख, एडन हचिन्सनला चार वर्षांचे १८ कोटी, अमॉन-रा सेंट ब्राउन आणि पेनाय सूएल ह्यांचीही दहा कोटींच्या वरची काँट्रॅक्ट्स. आता रांगेत कोण आहे बघा: जहमीर गिब्ज, जॅक कॅम्पबेल, सॅम लापोर्टा, ब्रायन ब्रांच, चौघंही २०२३ च्या एकाच ड्राफ्टमधले. होम्सने एका वर्षात चार हिरे उचलले म्हणून तेव्हा सगळे नाचले (मीही), पण चौघांचे पगार एकदम वाढायची वेळ आली की एक-दोघांना सोडावंच लागतं, आणि ब्रांचचं तर २०२५ च्या डिसेंबरमध्ये अकिलीस (टाचेमागचा स्नायूबंध) फाटलं. म्हणून म्हणतो लायन्सची खिडकी उघडी आहे पण अर्धीच. मुख्य माणसं अजून तिशीच्या आत आहेत, गॉफ सोडून, त्यामुळे २०२६ ला परत ११-१२ मॅचेस जिंकले तर मला नवल वाटणार नाही. २०२९ चं मात्र काही बोलू शकत नाही.

टायगर्सचं गणितच वेगळं. शेवटची वर्ल्ड सीरीज (बेसबॉलची फायनल) १९८४ ला जिंकली, २००६ आणि २०१२ ला फायनलपर्यंत जाऊन हरले, २०१९ ला ११४ मॅचेस हरले. मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये ज्यांना कोणी विचारत नव्हतं ते वाइल्ड कार्डमधून (डिव्हिजन न जिंकता मिळणाऱ्या जागेतून) प्लेऑफच्या आत शिरले आणि ह्यूस्टनला बाहेर काढलं. २०२५ ला उलटा तमाशा. जुलैमध्ये क्लीव्हलँडच्या १५ गेम्सपेक्षा जास्त पुढे होते, आणि डिव्हिजन शेवटी क्लीव्हलँडने नेली! मग प्लेऑफमध्ये त्याच क्लीव्हलँडला हरवलं आणि सिअॅटलला १५ इनिंग चाललेली मॅच ३-२ ने हरले. पिचर (बॉल टाकणारा) टारिक स्कुबलने त्या मॅचला ६ इनिंगमध्ये १३ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं होतं. तरी हरले. बॅटिंग चालत नाही हे त्या रात्री सगळ्या शहराला दिसलं.

स्कुबल म्हणजे सध्या टायगर्सवरच्या प्रत्येक भांडणाचं मूळ. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी लीगमधल्या बेस्ट पिचरचा साय यंग अवॉर्ड त्यालाच, आणि काँट्रॅक्ट २०२६ च्या शेवटी संपतं. बेसबॉलमध्ये एनएफएलसारखी कडक मर्यादा नाही, मालकाने पाकीट उघडलं तर कोणालाही ठेवता येतं. टायगर्सचे आधीचे मालक, लिटल सीझर्स पिझ्झावाले थोरले इलिच असते तर त्यांनी उघडलंही असतं, प्रिन्स फील्डरला २१ कोटी ४० लाख देणारा माणूस तो. आता कारभार मुलाकडे, ख्रिसकडे, आणि त्याचा हात आखडता. म्हणून एक गट ओरडतो आत्ताच विका आणि चार चांगली पोरं घ्या, दुसरा म्हणतो विकलात तर तिकीट घेणार नाही. माझं ऐकाल तर ठेवा आणि २०२६ ला जिंकायचा प्रयत्न करा, असा डावखुरा परत कधी मिळणार? गेला तर बदल्यात फार तर एक ड्राफ्ट पिक मिळेल, ते मान्य.

पण स्कुबल गेला म्हणजे टायगर्स संपले असं नाही, आणि इथेच ते मला लांबच्या शर्यतीत बरे वाटतात. बेसबॉलमध्ये पोरगा मेजर लीगमध्ये आला की सहा वर्षं टीमच्या ताब्यात, त्यातली पहिली साधारण तीन जवळजवळ किमान पगारावर. रायली ग्रीनने २०२५ ला ३६ होम रन मारले (२०१ वेळा स्ट्राइकआउटही झाला, डोकं फिरतं ते बघून), कोल्ट कीथने लांब मुदतीच्या काँट्रॅक्टवर आधीच सही केलीय. आणि केविन मॅकगॉनिगल आणि मॅक्स क्लार्क हे दोघं २०२३ च्या ड्राफ्टचे, २०२५ मध्ये मायनर लीगच्या (मेजर लीगच्या खालच्या पायरीच्या) ईरी टीमपर्यंत पोचलेत, देशातल्या सगळ्यात चांगल्या तरुण पोरांत दोघांची नावं घेतली जातात. लायन्सचं पीक कापणीला आलंय, टायगर्सचं अजून हिरवं आहे. हिरव्यावर कीड पडू शकते हे खरं, मायनर लीगमध्ये हिरो आणि वर आल्यावर झिरो असे ढिगाने झालेत.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. दोन्ही स्टेडियम डाउनटाउनला समोरासमोर आहेत त्यामुळे ड्राइव्ह आणि पार्किंगची कटकट सारखीच. लायन्सच्या घरच्या मॅचेस वर्षाला ८ नाहीतर ९, वर छप्पर, तिकिटं महाग, आणि थँक्सगिव्हिंगची मॅच १९३४ पासूनची परंपरा, ती मिळाली तर एकदा जरूर बघा. टायगर्सच्या घरच्या ८१, त्यामुळे मधल्या वारी, समोरची टीम साधी असली की चौघांचं कुटुंब खिसा फार न कापता जाऊन येतं, पोरांना कोमेरिका पार्कमध्ये फेरिस व्हील आणि वाघांचं मेरी-गो-राउंड आहे, आणि क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉल दोन मॅचेसमध्ये कळतं. फुटबॉलचे नियम मला अजून प्रत्येक सीझनला नवीन काहीतरी शिकवतात. मेचा उत्तरार्ध बाहेर बसायला बरा, एप्रिलमध्ये मात्र कोमेरिकात जाड जॅकेट आणि ब्लँकेट लागतं, आई-बाबा भारतातून आले असतील तर त्यांना जूननंतरच न्या.

तर एकटे असाल, रविवारी मित्रांबरोबर टीव्हीसमोर बसायचं असेल आणि लगेच सुपर बोलचं स्वप्न बघायचं असेल तर लायन्स. घरात पोरं असतील, हळूहळू टीम वाढताना बघायला आवडत असेल तर टायगर्स, आणि मग टोलेडोची एक चक्कर मारा, तासाभरावर मड हेन्स ही टायगर्सची मायनर लीगची टीम आहे, उद्याचे टायगर्स बहुतेक तिथून पास होऊन वर येतात, तिकीटही स्वस्त. फक्त एक सांगतो, बेसबॉलमधला मालक-खेळाडू करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय आणि लॉकआउट (मालकांनी खेळ बंद ठेवणं) होईल अशी भीती सगळ्यांनाच आहे, तेव्हा टायगर्सचं काहीही दोन-तीन वर्षांसाठी एकदम घेऊ नका, एका सीझनपुरतं घ्या.