राइट ब्लॉकर आठ महिने वापरून झाला, कसा आहे सांगतो

सॅटा आणि यूएसबी दोन्ही चालणारा आहे, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा छोटासा डबा जप्त केलेली डिस्क आणि आपलं मशीन यांच्या मधे बसतो, वाचायच्या कमांड जाऊ देतो, लिहायच्या अडवतो. बस्स एवढंच काम, पण कोर्टात याच्यावरच अडतं. विंडोजला डिस्क नुसती लावली, एक फाइल उघडली नाही तरी ते आत काहीबाही खरडून ठेवतं, मग समोरचा वकील विचारतो जप्तीनंतरच्या तारखेचं हे आलं कुठून, आणि आपण गप्प.

मुख्य काम एक नंबर. इमेज (डिस्कची हुबेहूब नक्कल) झाली की सोर्सचा आणि इमेजचा हॅश (डेटावरून काढलेला ठसा, डेटा बदलला की तोही बदलतो) स्क्रीनवर दाखवतो, एसएचए-२५६ ची ती ६४ अक्षरं जुळली की जीव भांड्यात पडतो. एमडी५ आणि एसएचए-१ पण काढतो पण नुसत्या त्यांच्यावर राहू नका, एमडी५ चं कोलिजन (दोन वेगळ्या डेटांचा एकच हॅश) २००४ लाच आणि एसएचए-१ चं २०१७ ला करून दाखवलंय, कोणीतरी उकरून काढणारच.

आता रडगाणं. यूएसबी पोर्ट ढिला आहे, केबलला धक्का लागला की इमेजिंग बंद आणि पुन्हा पहिल्यापासून. त्याहून वाईट म्हणजे आतलं घड्याळ मागे पडतं. कस्टडी फॉर्मवर (पुरावा कधी कोणाकडे होता त्याची नोंद) मी डिस्क लावली ४:१० ला आणि लॉग म्हणतो ३:५९, म्हणजे डिस्क लावायच्या आधीच इमेजिंग सुरू?! आता दर वेळी आधी मोबाइलच्या वेळेशी ताडून फरक फॉर्मवर लिहितो, मगच केबल लावतो.

आणि एसएसडी असेल तर याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको (हा दोष या डब्याचा नाही, कुठलाही घ्या). करंट मिळाला की एसएसडीचा कंट्रोलर ट्रिम झालेले (डिलीट झाले म्हणून खूण केलेले) ब्लॉक स्वतःच साफ करायला लागतो, ब्लॉकर बाहेर बसलेला, त्याला पत्ताच नाही. दुसऱ्यांदा हॅश वेगळा येऊ शकतो, म्हणून पहिलीच इमेज नीट घ्या आणि हे रिपोर्टमधे आधीच लिहून टाका, उलटतपासणीत सांगायला गेलात तर सारवासारव वाटते.

घेण्याआधी निस्टचे (अमेरिकेची सरकारी मानक संस्था) टेस्ट रिपोर्ट फुकट वाचता येतात, त्यात आपलं मॉडेल आणि फर्मवेअर (डब्यातलं सॉफ्टवेअर) आहे का बघा, मी घेतल्यावर बघितलं 😅

५ पैकी साडेतीन, घड्याळ नीट असतं तर साडेचार दिले असते.