आरओ, यूव्ही की उकळलेलं पाणी? मशीन घेण्याआधी नळाचं पाणी येतं कुठून ते बघा

नव्या फ्लॅटच्या ओट्यावर, सिंकच्या शेजारी एक नळजोड आणि एक प्लग आधीच काढून ठेवलेला असतो. तिथे वॉटर प्युरिफायर लागणार हे बिल्डरने धरूनच ठेवलेलं असतं. कुठला लागणार, ते मात्र बहुतेक घरांत डेमो द्यायला आलेला मुलगा ठरवतो. त्यामुळे सुरुवात त्या डेमोपासूनच करू.

दोन ग्लास असतात. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं, म्हणजे अतिबारीक जाळीतून दाबाने गाळून क्षार काढलेलं. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून बटण दाबलं, की मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी होतं, वर काळपट गाळ तरंगायला लागतो. आरओचं पाणी तसंच नितळ. घरातल्या आजी तोंडाला पदर लावतात आणि सौदा तिथेच पक्का होतो. प्रत्यक्षात तो गाळ पाण्यातला नसतोच. पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे वीज वाहते आणि कांडीचं लोखंड झिजून गंजाच्या रूपात पाण्यात उतरतं. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि कांडीही झिजत नाही. पुढच्या वेळी त्या मुलाला आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा बटण दाबायला सांगा. तेही पाणी तसंच तपकिरी होईल.

दुसरं हत्यार म्हणजे टीडीएस मीटर. मीटर वाईट नाही, पाच-सहाशे रुपयांत मिळतो, जरूर घ्या. पण तो फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. कावीळ पसरवणारं पाणी आणि धरणातून शुद्ध होऊन आलेलं पाणी, दोन्हींचा आकडा सारखाच येऊ शकतो. उलट नारळपाण्यात तो बुडवला तर आकडा हजारांत जाईल.

आधी पाण्याची कुंडली

भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. मुंबईचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा, विहार, तुळशी अशा तलावांतून येतं, पुण्याचं खडकवासला साखळीतून. दोन्ही मुळात पावसाचं साठवलेलं पाणी, त्यामुळे त्यातले क्षार या मर्यादेच्या कितीतरी खाली असतात. या पाण्याला आरओ लावणं म्हणजे नसलेला रोग बरा करणं.

मग महापालिकेच्या पाण्याला भीती कशाची? जंतूंची. तीही जलशुद्धीकरण केंद्रात नाही, तिथून निघाल्यावर. आपल्याकडे पाणी ठरावीक तास येतं. बाकीचा वेळ पाइप रिकामे असतात आणि कुठे गळती असेल तर शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. त्यानंतर सोसायटीची जमिनीखालची टाकी, मग गच्चीवरची. ती शेवटची कधी धुतली हे सेक्रेटरींना विचारून बघा, उत्तर देताना ते विषय बदलतील. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला, तेव्हा प्रशासनाने सांगितलं ते पाणी उकळून प्यायला. असल्या प्रसंगी टीडीएसचा काही संबंध नसतो.

बोअरचं पाणी ही वेगळीच गोष्ट. अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा ज्यांनी पाहिलाय त्यांना खारट पाणी म्हणजे काय ते सांगायला नको. तिथल्या विहिरीच्या पाण्याने तहानही भागत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. त्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, फार तर दीड. त्यापुढचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे हाडं धरतात. हे पाणी उकळून काही उपयोग नाही. पाण्याची वाफ होते आणि फ्लोराइड मागेच राहतं, म्हणजे झालंच तर थोडं दाट होतं. इथे आरओ हवाच, नाहीतर गावाला धरणाचं पाणी हवं.

उकळणं

जंतूंच्या बाबतीत याच्याइतकं भरवशाचं काही नाही. जीवाणू, विषाणू, जिआर्डियासारखे परजीवी, सगळे जातात. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. वीस-वीस मिनिटं उकळत ठेवायची पद्धत अजून कित्येक घरांत आहे, ती निव्वळ गॅसची नासाडी.

गॅस किती लागतो हे कुणी सहसा मोजत नाही. चार माणसांना प्यायला रोज १० लिटर धरा. तेवढं पाणी साध्या शेगडीवर उकळायला महिन्याला साधारण साडेतीन किलो गॅस जातो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा जवळपास चौथा हिस्सा. इलेक्ट्रिक किटलीवर उकळलं तर रोज एक युनिट. झाकण ठेवलं तर यात फरक पडतो, आणि झाकण ठेवायला काही पैसे पडत नाहीत. शिवाय वरणभात, चहा, भाजी यांचं पाणी तसंही उकळतंच, ते वेगळं उकळायची गरज नाही.

खरा घोळ उकळल्यानंतर होतो. उकळलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे त्यात पुन्हा जंतू गेले तर त्यांना अडवणारं काही नसतं. पिंपात पेला बुडवला, बोटं ओली झाली, की सगळा खटाटोप वाया. जुन्या घरांत माठावर लांब दांड्याचं ओगराळं असायचं ते शोभेला नव्हतं. तोटीचा माठ किंवा तोटीचं स्टीलचं पिंप घेतलं की हा प्रश्न मिटतो. माठात पाणी गार होतं ते वेगळंच, फ्रिजमधल्या बाटल्या कमी होतात.

यूव्ही

महापालिकेचं पाणी येणाऱ्या, रोज उकळायला वेळ नसणाऱ्या घरासाठी माझी पसंती याला. साधारण २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण जंतूंचं जनुकीय द्रव्य मोडतात, त्यांची वाढ थांबते. पाण्याची चव तीच, क्षार तेच, पाणी वाया शून्य. वीज इतकी कमी की बिलात कळणारही नाही.

याचे नखरे मात्र माहीत असू द्यात. पाणी गढूळ असलं की मातीच्या कणांमागे जंतू लपतात आणि किरण पोचत नाहीत. जुलैत नळाला चहासारखं पाणी आलं तर आधीची गाळणी चांगली हवी, शंका असेल तर ते चार दिवस उकळाच. दिवा वर्षभर जळून मंद होतो. डोळ्यांना निळा उजेड दिसत असतो, पण त्याचा जोर गेलेला असतो, म्हणून वर्षाला बदलायचा. आणि लाइट गेली की मशीन बंद. जिथे रोज भारनियमन आहे तिथे पाणी भरून ठेवावं लागतं.

विजेशिवाय चालणारे, वर ओतायचं आणि खाली गाळून येणारं असे यूएफ, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळणारे फिल्टरही मिळतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला ते बरे. फक्त एवढं ध्यानात असू द्या की ते जीवाणू अडवतात, विषाणूंबद्दल तेवढी खात्री देत नाहीत, आणि आपल्याकडची पाण्यातून येणारी कावीळ विषाणूंचीच असते.

आरओ

खाऱ्या पाण्याला पर्याय नाही, हे आधीच सांगितलं. बोअरचं पाणी जड असेल तर तूरडाळ कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही शिजत नाही, चहावर तवंग येतो. अशा घरातल्या बाईने आरओ मागितला तर तिला पर्यावरणावर भाषण देऊ नये.

पण किंमत बघा. घरगुती आरओ साधारणपणे एक लिटर पाणी देताना तीन लिटर सोडून देतो. दिवसाला १५ लिटर काढलंत तर ४५ लिटर नाल्यात. वर्षाचे झाले सोळा हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर दीडपेक्षा जास्त. ज्या सोसायट्या मार्चपासून टँकर मागवतात त्याच सोसायट्यांत घरोघरी आरओची ती बारीक नळी चोवीस तास गळत असते. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं की जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओ वापरू देऊ नये, आणि जिथे वापरतील तिथे मशीनमध्ये गेलेल्या पाण्यापैकी निदान ६० टक्के पाणी प्यायला मिळायला हवं. पुढे उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. घरोघरचं चित्र काही बदललं नाही.

धरणाच्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून टाकायचे आणि मग 'मिनरल कार्ट्रिज' लावून थोडे परत घालायचे, यातली गंमत मला कधी कळली नाही. आणखी एक गोष्ट डेमोत येत नाही. आरओच्या जाळीला क्लोरीन सोसत नाही, म्हणून आधीच कार्बनने तो काढून टाकतात. मग मशीनच्या प्लास्टिकच्या टाकीत साठलेल्या पाण्याला राखणदार कुणी नाही. आठवडाभर गावाला जाऊन आलात तर ती टाकी पूर्ण रिकामी करूनच पाणी प्या.

आरओ आधीच घरात असेल तर सोडलेलं पाणी बादलीत धरा. धरणाचं पाणी असेल तर हे सोडलेलं पाणी किंचितच जास्त क्षारांचं असतं, भांडी, फरशी, कुंड्या, सगळीकडे चालतं. बोअरचं पाणी १२०० टीडीएसचं असेल तर सोडलेलं दीड हजारांवर जातं. ते संडासात आणि फरशीला वापरा, तुळशीला घालू नका.

एका नजरेत बघायचं तर:

| | जंतू | क्षार, फ्लोराइड | पाणी वाया | इंधन, वीज |
|---|---|---|---|---|
| उकळणं | जातात | राहतात | नाही | सगळ्यात जास्त |
| यूव्ही | पाणी नितळ असेल तर जातात | राहतात | नाही | नगण्य |
| यूएफ | जीवाणू जातात, विषाणूंची खात्री नाही | राहतात | धुण्यापुरतं | शून्य |
| आरओ | जातात | बरेचसे जातात | लिटरमागे सुमारे तीन | थोडी |

तांब्याचा हंडा या तक्त्यात मुद्दाम घातला नाही. रात्रभर तांब्यात ठेवलेल्या पाण्यातले जीवाणू कमी होतात हे प्रयोगांत दिसलंय, पण खराब पाण्यावरचा तो इलाज नव्हे. चांगल्या पाण्याला वापरा, आतून घासून ठेवा, त्यात लिंबू पिळू नका. तुरटीचंही तसंच, तिने गाळ खाली बसतो, पाणी नितळ होतं, जंतू सगळे मरत नाहीत. तुरटीनंतर क्लोरीनचे थेंब किंवा उकळणं हवंच. वीस लिटरचा गार जार घेणाऱ्यांनी त्यावर सील आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक आहे का ते बघावं. नुसतं झाकण लावून येणाऱ्या जारमध्ये काय भरलंय हे भरणाराच जाणे.

मग घ्यायचं काय?

वर्षभर महापालिकेचंच पाणी येत असेल तर यूव्ही, किंवा घरी कुणी थांबणारं असेल आणि सवय असेल तर उकळणं. लहान बाळ, केमोथेरपी चालू असलेलं माणूस घरात असेल तर यूव्ही असूनही त्यांच्यापुरतं उकळलेलं.

नुसतं बोअर असेल तर आधी तपासणी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, तिथे फ्लोराइड, नायट्रेट, जडपणा, जंतू सगळं तपासून मिळतं. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर किंवा फ्लोराइड दीडच्या वर आलं तर आरओ घ्या, मग टीडीएस मीटर ५०० च्या खाली दाखवो नाहीतर वर. फक्त जडपणाच जास्त असेल आणि त्रास गिझरला होत असेल तर पिण्याच्या मशीनने तो सुटणार नाही, त्याला सॉफ्टनर लागतो.

अवघड आहे ते पुण्याच्या कडेला वाघोली, उंड्री, वाकडच्या बाजूच्या सोसायट्यांचं. पावसाळ्यात पालिकेचं, हिवाळ्यात मिसळलेलं, उन्हाळ्यात टँकर, आणि टँकर कुठल्या विहिरीचा ते ड्रायव्हरलाही विचारू नये. अशांनी आरओ आणि यूव्ही दोन्ही असलेलं, पण आरओ बाजूला ठेवून नुसता यूव्ही चालवता येतो असं मॉडेल मागावं. दुकानदार 'टीडीएस कंट्रोलर आहे ना' म्हणेल. ते वेगळं, त्यात आरओ चालूच असतो, फक्त थोडं न गाळलेलं पाणी मिसळतात, पाणी वाया जायचं ते जातंच. हवं आहे ते बायपास. मीटर ओट्यावरच्या डब्यात ठेवायचा, टँकर आला की पाणी मोजायचं, ५०० च्या वर गेलं तर आरओ चालू, खाली आलं की बंद.