बारा वंशांचा वॉल मॅप: लेवी एकदम बरोबर, दान मात्र अर्धवट

प्राचीन इस्राएलच्या बारा वंशांचा हा वॉल मॅप ऑनलाइन मागवला होता, तीन महिने रोज समोर आहे म्हणून आता नीट लिहितोय. या विषयात नवीन माणूस एकाच जागी अडकतो, बायबलमध्ये या वंशांचा मूळ पुरुष याकोब, त्याचे मुलगे बारा, वंश पण बारा, मग नकाशात लेवी आणि योसेफ का नाहीत? मॅपने हे फार छान समजावलंय. लेवीकडे उपासनेचं काम, सलग जमीन नाही, म्हणून त्याची ४८ नगरं बाकीच्यांच्या हद्दीत ठिपक्यांनी दाखवलीत आणि त्यातली ६ आश्रयनगरं (चुकून कोणाचा जीव घेतलेल्याला आसरा देणारी) लाल रंगात. योसेफाच्या जागी त्याचे दोन मुलगे एफ्राईम आणि मनश्शे, झाले परत बारा. शिमोन पण यहूदाच्या पोटात तुटक रेषेने दाखवलाय, अगदी बरोबर.

मला सगळ्यात आवडले ते रंग, कारण ते आईप्रमाणे दिलेत, म्हणजे याकोबाच्या बायका लेआ आणि राहेल, आणि त्यांच्या दासी बिल्हा आणि जिल्पा. लेआचे सहा, राहेलचे योसेफ-बन्यामीन, बिल्हाचे दान-नफताली, जिल्पाचे गाद-आशेर. एफ्राईम, मनश्शे, बन्यामीन मधल्या डोंगराळ भागात एकमेकांना लागून, सगळी राहेलची मंडळी, हे वाचून कधी एवढं लक्षात आलं नव्हतं!

आता तक्रार. दान फक्त खाली, किनाऱ्याजवळ दाखवलाय. पण बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाच्या १८व्या अध्यायाप्रमाणे ते लोक तिथून निघाले, पार उत्तरेला लईश शहर घेतलं आणि त्याचं नाव दान ठेवलं. हे नाही दाखवलं तर ‘दानापासून बैर-शेब्यापर्यंत’ (बायबलमध्ये उत्तर टोकापासून दक्षिणेपर्यंत सगळा देश सांगायची पद्धत) म्हणजे कुठून कुठपर्यंत ते कळणारच नाही. शिवाय उत्तरेला दान नफतालीचा शेजारी होतो, म्हणजे बिल्हाचे दोघं शेजारी शेजारी, जी गोष्ट हे रंग सुंदर दाखवू शकले असते.

दुसरं, सगळ्या सीमा एकाच काळाच्या असल्यासारख्या छापल्यात. दबोराच्या गीतात (शास्तेमधलंच विजयगीत), जे अभ्यासक खूप जुनं मानतात, वंशांची दहाच नावं येतात, त्यात यहूदा नाही, शिमोन नाही, आणि माखीर, गिलाद अशी वेगळी नावं आहेत. म्हणजे यादी हळूहळू घडत गेली असणार, तळाशी दोन ओळींची टीप तरी हवी होती.

कागद जाड आहे, प्रिंट स्वच्छ, पण लॅमिनेशन चमकतं, लाइटसमोर लावू नका. ४ स्टार. घ्या नक्की, फक्त मी केलं तसं मार्करने किनाऱ्यापासून उत्तरेच्या हर्मोन डोंगराच्या पायथ्यापर्यंत एक बाण काढून घ्या.