नाथसागर की लोणार? घरच्यांना घेऊन एक दिवस

जालन्याहून एका दिवसात पाणी बघून यायचं म्हटलं की घरात दोन गट पडतात. पोरांना लोणार हवं असतं, मोठ्यांना पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. सिंदखेडराजावरून लोणार काय, अंबड-पाचोडवरून पैठण काय, गाडीत बसायचा वेळ आम्हाला तरी सारखाच वाटला. कागदोपत्री लोणार विदर्भात, पण ते आम्ही जालनेकरांनी कधी मनावर घेतलेलं नाही.

नुसतं बघण्याचाच प्रश्न असेल तर लोणारला तोड नाही. उल्का आदळून बेसॉल्ट खडकात झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, भोवती झाडी, तळाशी खारं पाणी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं आणि त्याच वर्षी सरोवर पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, तेव्हापासून पोरांचा हट्ट वाढलाय. गावातलं दैत्यसूदन मंदिर तर चुकवूच नये, बाहेरच्या भिंतींवरच्या शिल्पांत तासभर कुठे जातो कळत नाही.

पण हे पाणी बघायचं ते काठावरून. जवळ जायचं तर विवरात उतरावं लागतं, आणि इथेच घर फुटतं. तळाच्या कमळजा देवीच्या देवळापर्यंत तरणी मंडळी जातात. आई, काकू आणि कडेवरचं लेकरू वर राहतात. खालच्यांना वाटतं आलोच, वरच्यांचा जीव टांगणीला. उतरताना हसणारी पोरं चढताना उन्हात रडकुंडीला येतात, मग डबा उघडायची वेळ टळते आणि जेवताना सगळे एकमेकांवर करवादलेले. शिवाय एवढं उतरूनही पाण्यात पाय सोडून बसावं असं ते पाणी नाही. अल्कधर्मी आहे, वासही येतो. मित्रमंडळींबरोबर मला यातलं काहीच खटकत नाही. आई बरोबर असली की मात्र खटकतं.

नाथसागराचं रूप तसं साधं. पैठणला पोचल्यावर आधी दिसते ती धरणाची मातीची भिंत, दहाएक किलोमीटर लांब, आणि ‘पाणी कुठंय?’ हा प्रश्न ठरलेला. जलाशय एकदा समोर आला की पलीकडचा काठ काही दिसत नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, हे आमच्याकडची जुनी माणसं प्रत्येक वेळी सांगतात. सांगू द्यावं. हिवाळ्यात उथळ काठांना रोहित आणि चक्रवाक येतात. दुर्बीण एकच असली तरी सकाळ निघते. उन्हाळ्यात मात्र पाणी मागे सरतं, काठाला गाळपेऱ्याची शेतं लागतात आणि नुसतं पाणी बघायला आलेला माणूस हिरमुसतो.

माझं मन पैठणकडे झुकतं ते पाण्यापेक्षा भोवतालामुळे. संत एकनाथांचं समाधी मंदिर गोदाकाठी, वाडा गावात. तिथला रांजण पाहून आजी नाथांघरी पाणी भरणाऱ्या श्रीखंड्याची, म्हणजे कृष्णाची गोष्ट सुरू करते आणि पोरं चक्क ऐकतात. पैठणी विणताना बघायला गेलं की बायका तिथून हलत नाहीत, अर्धा दिवस तिथेच जातो. तरी सगळे सावलीत असतात, हाकेच्या अंतरावर.

ज्ञानेश्वर उद्यानाच्या भरवशावर बेत आखू नका, सुरू आहे का ते विचारूनच निघा. फाल्गुनात नाथषष्ठीच्या सुमारास दिंड्यांची गर्दी असते, तेव्हा सहल नको, वारीच करायची असेल तर गोष्ट वेगळी. धरणाचे दरवाजे २७ आहेत, पण ते उघडले की बघायला सगळा जिल्हा लोटतो, त्या दिवशी लहानांना घरीच ठेवलेलं बरं.

तुमच्याकडे सगळेच चालणारे असतील तर लोणारला जा, मी अडवणार नाही. फक्त सकाळी लवकर पोचा, आधी उतरून या आणि दैत्यसूदन दुपारसाठी ठेवा. आमच्याकडे आजी आहे, त्यामुळे दिवाळीनंतरचा रविवार पैठणचा.